मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवताय? आधी त्यांच्या पिशवीतला कागद बघा

माझा पहिला वर्ग तीन दिवसात बंद पडला होता, तिथूनच सुरू करते. वस्तीतल्या समाजमंदिरात पाट्या, खडू, अंकलिपी असं सगळं सामान घेऊन गेले. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी एकच मावशी आल्या, त्या पण हे सांगायला की बाकीच्या काय आता येत नाहीत. का हो मावशी, असं विचारलं तर म्हणाल्या, "अननसाचा अ शिकून मी काय करू, अननस आमच्या घरात येतो का कधी? त्यापेक्षा मला ह्या कार्डावर काय लिहिलंय ते सांग. सुनेचं नाव चढवलंय म्हणतात, खरं का खोटं?" आणि त्यांनी काखेतली प्लास्टिकची पिशवी उघडली. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, लाइट बिल, दवाखान्याचे केसपेपर, कुठल्यातरी लग्नाची पत्रिका. बघा तुम्ही, अशी एक पिशवी प्रत्येक घरात असतेच, गादीखाली नाहीतर पत्र्याच्या पेटीत. त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून कार्डावरची नावं एकेक करून वाचली. सुनेचं नाव चढलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी सात जणींना घेऊन आल्या, प्रत्येकीच्या हातात आपापली पिशवी.

तेव्हापासून शहरातल्या वस्तीत, ऊसतोडीच्या टोळ्यांवर, थोडं पाड्यावर असं बरंच फिरून शिकवलं. आता उल्लासमुळे नवीन पोरंपोरी, रिटायर्ड मंडळी, बचत गटाच्या ताया या कामात येतायत आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, की सुरुवात कुठून करू. म्हणून हे लिहितेय, जमेल तसं वापरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उल्लास म्हणजे केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ आहे, १५ वर्षांपुढच्या कुणालाही शिकता येतं आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक, म्हणजे मानधन नाही हे आधीच समजून घ्या. शेवटी १५० मार्कांची परीक्षा असते, वाचनाला ५०, लेखनाला ५०, आकड्यांना ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के पडले की सर्टिफिकेट. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये मोठी परीक्षा झाली तेव्हा नातवंडांबरोबर पेपरला आलेल्या आज्यांचे फोटो सगळीकडे फिरले होते. परीक्षा चांगलीच आहे, पण पहिल्या दिवसापासून परीक्षा परीक्षा करू नका, निम्मी माणसं त्या शब्दानेच पळतात.

पहिलं काम : कुणाला येत नाही हे शोधणं (आणि ते थेट न विचारणं)

"तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" असं दारात उभं राहून विचारायचं नाही. समोर सून असते, शेजारीण असते, माणूस हो म्हणून मोकळा होतो. मी विचारते, "घरात मोबाइलवरचा मेसेज कोण वाचून दाखवतं?" किंवा "गावाला जाताना एसटीची पाटी तुम्हीच बघता का कंडक्टरला विचारता?" उत्तरातच सगळं कळतं. आणि अंगठाबहाद्दर, अडाणी असले शब्द चेष्टेतसुद्धा काढू नका, त्या स्वतःला म्हणत असतील तरीही तुम्ही म्हणायचं नाही.

इथेच डोळ्यांचं बघून घ्या. हा मुद्दा मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी नीट सांगितला नाही आणि गळती होते त्यातली बरीच यामुळेच होते असं माझं मत आहे. चाळिशीला आपण चाळिशीच म्हणतो, वयालाही आणि चष्म्यालाही, इतकं ते साधं आहे. पण ज्या बाईने आयुष्यात कधी जवळचं बारीक बघायचं काम केलंच नाही तिला आपल्याला दिसत नाही हेच माहीत नसतं. ती म्हणते, "माझ्या डोक्यात शिरत नाही गं." डोक्याचा काही संबंध नसतो. उलट ज्याला खरंच वाचता येत नाही तो म्हणतो, "चष्मा घरी राहिला." म्हणजे चष्मा राहिला म्हणणाऱ्याला अक्षर हवंय आणि डोक्यात शिरत नाही म्हणणारीला चष्मा, असं उलटं गणित! साधी टेस्ट म्हणजे सुईत दोरा ओवायला द्या. हात लांब नेऊन ओवत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून आणा, मग पाटी.

वेळ आणि जागा त्यांची, तुमची नाही

धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात. शेतावर जाणाऱ्या रात्री जेवणं उरकल्यावर. लावणी, काढणी, लग्नसराई, जत्रा यात वर्ग बंद राहणार, त्याचा त्रास करून घेऊ नका, त्या तारखा आधीच धरून चाला. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साडी, पाठीला दप्तर, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. लोक साडीचं कौतुक करतात. मला त्यातलं जास्त आवडलं ते म्हणजे शाळा आज्यांची म्हणूनच उभी राहिली, नातवंडांच्या वर्गात मागच्या बाकावर त्यांना अॅडजस्ट केलं असं नाही.

सासू आणि सून एका वर्गात बसवू नका. मी हे हौसेने करून पाहिलं, सुनेला पटपट यायला लागलं आणि सासूबाई चौथ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून घरी. पुरुष तर बायकांच्या वर्गात येतच नाहीत, त्यांना वेगळं धरावं लागतं आणि "अक्षर शिकायला या" म्हणून नाही तर "मोबाइल शिकायला या" म्हणून. तो वर्ग चहाच्या टपरीवर जास्त चांगला चालतो.

ऊसतोडीच्या टोळीवर यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे बाई पहाटे चारला उठते, कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, चूल पेटवते, मग उसाच्या फडात, मग मोळ्या बांधणं, गाडी भरणं, आणि गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. तासाचा वर्ग विसरा. गाडीची वाट बघत बसलेल्या असतात ती पंधरा-वीस मिनिटं आपली. जमिनीवर काडीने लिहायचं, उसाच्या पाचटावर बसायचं. सीझन साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळा लागेपर्यंत, म्हणजे हातात चार-पाच महिने, नंतर टोळी गावी जाते, त्यामुळे प्लॅन तेवढाच करा. तिथला महत्त्वाचा कागद म्हणजे मुकादमाची, टोळी जमवून आणणाऱ्या माणसाची, वही. उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, खेपा किती झाल्या, टन किती भरलं, फिटले किती. एका कोयत्याचा, म्हणजे नवराबायको दोघांचा, वर्षभराचा हिशोब त्या वहीत असतो आणि वही मुकादमाकडे. पण पहिल्याच दिवशी वहीचा विषय काढू नका, मुकादम दुसऱ्या दिवशी वर्ग बंद करेल. आधी नाव, मग गावच्या एसटीच्या पाट्या, मग आकडे, आणि मग प्रत्येक कोयत्याला स्वतःची दहा रुपयाची छोटी वही घेऊन द्या, रोज फक्त तारीख आणि खेप लिहायची. भांडण न करता हिशोब दोन्हीकडे राहतो.

अक्षर : नावापासून, पण सहीवर थांबू नका

नुसती सही शिकवून फोटो काढून मोकळं होणारे खूप बघितले. सही म्हणजे त्यांच्यासाठी एक चित्र असतं, त्यातलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं तर ओळखत नाहीत. पण सुरुवात नावानेच करा कारण ते शिकायची हौस सगळ्यांना असते. समजा कमल नावाच्या ताई आहेत. क, म, ल अशी तीन अक्षरं हातात आली. लगेच काना द्या. काम, माल, लाल, काल, काका, मामा, मला, कला, कमाल. तीन अक्षरं आणि एक काना, आणि बाई पहिल्याच आठवड्यात नऊ शब्द वाचतेय, त्यात "काम" आहे आणि "मामा" आहे. तोंडावरचा आनंद बघण्यासारखा असतो. मग शेजारच्या बाईच्या नावातली अक्षरं यात मिसळा, वर्गातल्या आठ-दहा नावांत मिळून निम्म्याच्या वर मुळाक्षरं येऊन जातात.

हे काही माझं डोकं नाही. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे नावाच्या शिक्षकाने १९६३ साली आंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीसेक तासांत वाचायला शिकवलं, ते याच वाटेने, मजुरांच्या रोजच्या बोलण्यातले, कामातले शब्द घ्यायचे, त्यावर गप्पा मारायच्या, आणि मग तो शब्द फोडून तुकड्यांतून नवे शब्द करायचे. आपल्या देवनागरीला तर हे जास्तच सोपं जातं कारण बाराखडीचं मशीन तयारच आहे.

लिहिण्यासाठी मात्र जुनं गमभन चांगलं. ग, म, भ, न ही सगळी उभ्या दांड्याची, हाताला एक वळण बसलं की चारही येतात, मग व-ब-क, मग र-स-ख, मग त-ल, मग प-ष-फ. पेन्सिल लगेच देऊ नका. विळा, खुरपं, पाटा धरून बोटं कडक झालेली असतात, बारीक पेन्सिल हातात टिकत नाही आणि टोक मोडलं की बाई ओशाळते. जाड खडू आणि फरशी, नाहीतर ताटात पीठ पसरून बोटाने. रांगोळी तर भारीच, ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई "मला रेघ मारता येत नाही" म्हणाली की मी ऐकूनच घेत नाही.

शुद्धलेखन काही महिने गुंडाळून ठेवा. त्या "पानी" म्हणतात, "पानी" लिहितात, वाचणाऱ्याला कळतंय ना, मग पुढे चला. ऱ्हस्व-दीर्घ तर तुमचं-माझंही चुकतं. जोडाक्षरं समोर येतील तशी घ्यायची, स्टेशन आलं की स्ट, ग्रामपंचायत आली की ग्रा, उगाच क्षत्रिय आणि ज्ञान आधी नको.

घरची भाषा वेगळी असेल तर थोडं थांबा. पाड्यावर पावरी, भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या माणसाला मराठी शब्द आणि अक्षर दोन्ही एकदम नवीन असतात, डबल ओझं. त्यांच्याच भाषेतला शब्द देवनागरीत लिहून दाखवा. मी एकदा पाड्यावरच्या आजींना विचारून त्यांच्या भाषेतला कोंबडीसाठीचा शब्द लिहिला आणि त्यांनी तो वाचला तेव्हा सगळा वर्ग हसत सुटला, आपली बोली पण लिहिता येते हे त्यांना माहीतच नव्हतं. बिल्डिंगच्या साइटवर हिंदीवाले असतील तर सरळ हिंदी शब्द घ्या, लिपी तीच आहे.

आकडे : इथे तुम्ही कमी बोला

नवीन लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, एक दोन तीन पासून मोजायला लावतात. अहो, भाजीवालीला एक दोन तीन? ती पावणेतीन किलोचा भाव तुमच्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगते. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट सांगते. १९९७ मध्ये बँक उभी राहिली पण त्याआधी रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला होता, कारण बँक काढणाऱ्या बायकांच्या अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि त्या बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. लायसन मिळालं.

तर हिशोब येतो, लिहिता येत नाही, एवढाच प्रश्न आहे. जुनी माणसं विसावर मोजतात, "तीन विसा आणि पाच" म्हणजे ६५. ते पुसू नका, त्यालाच धरून तीन विसा म्हणजे साठ, साठ असा लिहायचा, असं जा. दुसरी गंमत आपल्या मराठीचीच. आपण म्हणतो एकवीस, एक आधी वीस नंतर, आणि लिहिताना २ आधी. मग माणूस ऐकतो तसं लिहितो आणि २१ चे १२ होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मुलांचं काय ते तज्ज्ञ बघतील, मोठ्यांच्या वर्गात मात्र मी दोन-तीन आठवडे खुशाल वीस एक, तीस चार म्हणते, लिहिणं बसलं की आपोआप एकवीस-चौतीसवर येतात.

इंग्रजी आकडेसुद्धा पहिल्या महिन्यातच घ्या. मोबाइलवर, लाइट बिलावर, पासबुकात, औषधावर सगळीकडे तेच आहेत, नुसते मराठी आकडे शिकवून पाठवलं तर बाई घरी जाऊन मोबाइलसमोर परत निरक्षर.

पाठ्यपुस्तक नसेल तर नोट काढा खिशातून. मागच्या बाजूला पंधरा भाषांची यादी असते, वरून आठवी ओळ मराठी, "शंभर रुपये", "पाचशे रुपये". नवीन नोटांवर देवनागरी आकडा पण आहे. आयुष्यभर हातातून गेलेल्या कागदावर आपली भाषा लिहिलेली आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा प्रत्येक जण आपापली नोट काढून चेक करतो.

बचत गटाच्या बायका असतील तर व्याजाचा पाठ चुकवू नका. "शेकडा दोन" असं सगळे सहज म्हणतात. पाच हजार घेतले, महिन्याला शंभर रुपये व्याज, ठीक वाटतं. मग बारा महिने एकाखाली एक लिहायला लावा आणि बेरीज करायला लावा. १२०० होतात. म्हणजे वर्षाला शेकडा २४. ही बेरीज त्यांनी स्वतः केली पाहिजे, तुम्ही फळ्यावर करून दाखवली तर नुसत्या माना हलवतील. माझ्या एका गटात ही बेरीज झाली आणि पुढच्या मीटिंगला बाहेरच्या सावकाराकडचा दर काय पडतो ते काढायला चौघी जणी वही घेऊन बसल्या होत्या.

मोबाइल, बँक, औषध

हे भराभर सांगते कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं लागतं. बँकेतून पैसे भरायच्या आणि काढायच्या स्लिपा पंचवीस-तीस मागून आणा, वर्गात भरायची प्रॅक्टिस करा, मग एक दिवस सगळ्यांनी मिळून खरोखर बँकेत जा आणि काउंटरपासून चार पावलं लांब उभ्या राहा, मध्ये बोलू नका.

यूपीआयचं एकच वाक्य शंभर वेळा घोका. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. कुणी म्हणालं पैसे येणार आहेत पिन टाका, की फोन ठेवायचा. ओटीपी कुणालाच नाही, बँकेच्या साहेबाला पण नाही. फसवणूक झालीच तर १९३० ला फोन, हा नंबर प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात हवा.

औषधाच्या पट्टीवर बहुतेक सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे तिथे मराठी कामाची नाही. फक्त तारीख शोधायला शिकवा, महिना आणि वर्षाचा आकडा, आणि आज कुठलं साल आहे ते. घरातल्या जुन्या गोळ्यांचा डबा घेऊन या म्हणा, अर्धा डबा फेकायच्या लायकीचा निघतो, पाठ कायमचा लक्षात राहतो.

व्हॉट्सॲपवर आवाजाचे मेसेज पाठवता येतात त्यामुळे "आता वाचायची गरजच काय ताई" हे तुम्हाला ऐकवलं जाईलच, विशेष करून तरुण पोरांकडून. मी वाद घालत नाही. वर्गाचा ग्रुप करते आणि नियम एकच, रोज एक शब्द टाइप करून टाकायचा, आज घरात भाजी काय केली तो. वांग, मेती, पिटल, काय वाटेल ते येतं. टिंब नाही, काना नाही, पण येतं. सुनाबिना घरात हसतात, त्यांनाही हळूहळू ग्रुपमध्ये घेते.

मध्येच सुटलेल्यांचं काय

सुटणार. दहातले चार सुटले तरी वर्ग चांगला चाललाय असं समजा. घरी जाऊन "का येत नाही" विचारायचं नाही, "तुमची पिशवी बघू, काही नवीन कागद आलाय का" म्हणायचं. बहुतेक वेळा आलेला असतो आणि कुणीतरी वाचून द्यायला हवंच असतं, तिथून परत सुरुवात होते.

आणि शिकलेलं जातं, हे पण माहीत असू दे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम निघाली, तेव्हापासून आपल्याकडे मोहिमांमागून मोहिमा झाल्या, गोव्याने तर मे २०२५ मध्ये स्वतःला पूर्ण साक्षर म्हणून जाहीर केलं. पण सर्टिफिकेट मिळाल्यावर घरात वाचायला लाइट बिलाशिवाय काही नसेल तर दोन वर्षांत अक्षर पुसट होतं, हे मी माझ्याच विद्यार्थिनींचं पाहिलंय. म्हणून परीक्षेनंतर सहा महिने आठवड्यातून एकदा तरी भेटा, पेपर वाचा, आरत्या वाचा (पाठ असतात त्यामुळे वाचायला सोप्या), गटाचं इतिवृत्त आळीपाळीने प्रत्येकीला लिहायला लावा. ज्यांना पुढे जायचंय त्यांना मुक्त विद्यालयाची पाचवी-आठवी दाखवा, मात्र जबरदस्ती नको.

परीक्षेच्या दिवशीचं एवढंच, की तुम्ही अर्धा तास आधी शाळेच्या गेटवर उभ्या राहा. मोठ्या बाकाचा वर्ग मिळतोय का बघा, पहिलीच्या बाकात गुडघे मावत नाहीत. आधार कार्ड आणलंय का विचारा, दोन पेनं जास्तीची ठेवा, आणि आत जाण्याआधी प्रत्येकीला चष्मा काढून दाखवायला सांगा, कारण त्या दिवशी तो खरंच घरी राहिलेला असतो.